परक्या दरबारातला वकील

प्रस्तावना

१८४० च्या दशकात लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर, ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत भागधारकांच्या सभा भरत. त्यातल्या काही सभांपुढचा विषय होता साताऱ्याचे छत्रपती. ५०० पौंडांचे भाग असतील त्याला सभेत बसता-बोलता येई. हजार पौंडांना एक मत, दहा हजारांना चार. ज्या देशात बायकांना पार्लमेंटसाठी मत नव्हतं, तिथे कंपनीचे भाग नावावर असलेली बाई या सभेत मत देऊ शकत होती. शिवाजी महाराजांच्या वंशजाला गादीवरून उतरवलं ते बरोबर की चूक, यावर अशी मतमोजणी व्हायची. एखाद्या विज्ञानकथालेखकाने परग्रहावरची म्हणून ही राज्यव्यवस्था रंगवली असती, तर संपादकाने ‘फारच ताणलंय’ असा शेरा मारून हस्तलिखित परत पाठवलं असतं.

या सभांसाठी माणसं जमवणारे, कागद छापून घेणारे, ओळखी काढत फिरणारे गृहस्थ होते रंगो बापूजी गुप्ते, रोहिडखोऱ्याच्या देशपांडे घराण्यातले, प्रतापसिंह छत्रपतींचे वकील. १८४० साली ते लंडनला पोचले आणि १८५३ च्या अखेरीपर्यंत तिथेच राहिले.

हे पुस्तक खरं तर विज्ञानकथांबद्दल आहे. माणसांतला एखादा वकील परग्रहवासीयांच्या दरबारात जातो, तिथलं राजकारण त्याला उमगत नाही, उमगायला लागतं तेव्हा तो त्यात गळ्यापर्यंत बुडालेला असतो, अशा कथा-कादंबऱ्यांचं एक मोठं घराणंच इंग्रजीत आहे. त्यावर मराठीत लिहावं एवढाच हेतू होता. पण लिहायला बसल्यावर रंगो बापूजी मधे येऊन बसले आणि उठायला तयार होईनात. मग त्यांना एक प्रकरण द्यावं लागलं, आणि तेच सगळ्यात लांब झालं.

आधी त्या घराण्याची तोंडओळख. १९६० पासून अमेरिकेत कीथ लॉमर या लेखकाने रेटीफ नावाच्या राजनैतिक अधिकाऱ्याच्या विनोदी गोष्टी लिहिल्या. लॉमर स्वतः अमेरिकी परराष्ट्र सेवेत रंगूनला होता. त्यामुळे त्याचे परग्रह कितीही दूर असले तरी वकिलातीतली पार्टी, फाइली आणि वरिष्ठांचा मूर्खपणा अगदी पृथ्वीवरचा. १९६९ साली उर्सुला ले ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ आली आणि या विषयाला वजन आलं. तिथला गेनली आय हा दूत एका बर्फाळ जगात एकटाच उतरतो. त्याचे सहकारी वर यानात झोपवून ठेवलेले असतात. एकट्याला पाठवण्यामागे हिशेब असा, की एक माणूस म्हणजे स्वारी नव्हे, आणि एका माणसाला घाबरायचं कारण नाही. त्याची बाजू घेणारा तिथला प्रधान मात्र पहिल्याच काही पानांत देशद्रोही ठरतो आणि हद्दपार होतो. ही खूण लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा पुन्हा भेटते.

त्याच सुमाराला, १९६७ साली, खऱ्या जगातही एक गंमत झाली. अंतराळाच्या वापराबाबतचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याच्या पाचव्या कलमात अंतराळवीरांना मानवजातीचे दूत म्हटलं गेलं. भारतही त्या कराराचा सदस्य आहे. म्हणजे १९८४ साली वर गेलेले राकेश शर्मा कागदोपत्री आपल्या सगळ्यांचे वकील होते. फक्त समोर दरबार नव्हता.

आता ज्या मालिकेमुळे हे पुस्तक घडलं तिच्याकडे येते. सी. जे. चेरी या अमेरिकी लेखिकेची ‘फॉरेनर’ १९९४ साली सुरू झाली आणि २०२३ पर्यंत तिचे बावीस भाग निघाले. चेरीबाई मूळच्या लॅटिन आणि प्राचीन इतिहासाच्या शिक्षिका, शाळेत शिकवणाऱ्या. ते वाक्यावाक्यात दिसतं. गोष्ट अशी: वाट चुकलेल्या एका यानातली माणसं परक्या ग्रहावर उतरतात. तिथले रहिवासी अतेवी, धिप्पाड, काळेभोर, सोनेरी डोळ्यांचे. सुरुवातीला दोघांचं छान जमतं, आपण एकमेकांना समजलो असं दोघांनाही वाटतं, आणि नेमकं त्यातूनच युद्ध पेटतं. माणसं हरतात. तह होतो. माणसांनी एका बेटावर राहायचं आणि मुख्य भूमीवर त्यांच्यातला फक्त एकजण येईल. तो दुभाषा, तोच वकील, आणि यानातून आलेलं तंत्रज्ञान अतेवींना कोणतं, कधी, किती द्यायचं हे ठरवणाराही तोच. या पदाला ‘पाइधी’ म्हणतात. कथेच्या काळात त्या जागेवर ब्रेन कॅमेरॉन नावाचा तरुण आहे.

अतेवींच्या दरबारात खून करायचा असेल तर आधी रीतसर सूचना दाखल करावी लागते. मारेकऱ्यांचा संघ असतो, त्याचे नियम असतात, आणि बेकायदा खून हा फार गंभीर गुन्हा. कुणाला प्रेम वाटत नाही, मैत्रीही वाटत नाही. वाटते ती वरच्या माणसाकडे खेचणारी एक निष्ठा, आणि ती खालून वर जाते, बरोबरीच्यांत आडवी पसरत नाही. शिवाय आकड्यांचं वेड. दोन अशुभ, तीन शुभ. फुलदाणीत किती फुलं, टेबलाशी किती माणसं, वाक्यात किती जणांचा उल्लेख झाला, सगळं मोजलं जातं. बिचारा ब्रेन वाक्य तोंडातून काढण्याआधी मनात बेरीज करत असतो.

अमेरिकी वाचकाला हे सगळं अगदी परकं वाटतं, आणि तसं वाटावं म्हणूनच ते लिहिलंय. मी पिंपळे गुरवात बसून वाचत होते आणि मला ते फारसं परकं वाटेना. आमच्याकडे अहेराच्या पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलंच येतं, पन्नास कधी देत नाहीत, एकावन्न देतात. फरक एवढाच की आपल्याकडे तीन तिगाडा काम बिगाडा, आणि अतेवींचं नेमकं उलट. निष्ठेचंही तसंच. वतन, सरंजाम, खाल्ल्या मिठाला जागणं हे ज्याने पेशवे दफ्तरातल्या कागदांत थोडंफार वाचलंय, त्याला अतेवी सरदारांची फिरणारी निष्ठा समजायला प्रस्तावना लागत नाही. राजाची आजी इलिसिदी, जिला गादी मिळता मिळता राहिली आणि जी नातवाच्या कारभारात काठी आपटत ढवळाढवळ करते, ती वाचताना मला सतत ताराबाई दिसत होत्या. ताराबाईंनी तर १७५० साली नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजालाच साताऱ्यात अडकवून ठेवलं होतं. इलिसिदीची मजल तिथवर जात नाही.

म्हणजे ही मालिका वाचताना मी ब्रेनच्या खुर्चीत बसलेच नव्हते. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते, ज्यांच्याकडे वकील येतो त्यांच्यात. या पुस्तकात मला जे काही सांगायचंय ते या जागाबदलातून आलं आहे.

आणि ही जागा काही माझ्या एकटीची नाही, या सगळ्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याची आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. पेनिसिलिन कसं करायचं ही विद्या इथे कराराने आली. त्याच वर्षी टेल्कोने डाइमलर-बेंझशी ट्रकसाठी पंधरा वर्षांचा करार केला होता, तो संपायच्या आत पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्कोचा कारखाना आला. आकुर्डीला बजाजची स्कूटर इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर, टेम्पो जर्मनांच्या परवान्यावर. पियाजिओचा परवाना १९७१ साली संपला आणि पुढच्या वर्षी जवळजवळ तीच गाडी महाराणा प्रतापाच्या घोड्याचं नाव लावून चेतक म्हणून रस्त्यावर आली. कुठली ड्रॉइंग द्यायची, कुठली राखून ठेवायची, माल कुठल्या देशात विकायचा नाही, हे सगळं परदेशी सहयोगाच्या करारांत लिहिलेलं असे. ‘फॉरेनर’मधल्या पाइधीचं मुख्य काम हेच. चेरीबाईंनी ते देणाऱ्याच्या बाजूने लिहिलंय: एकदम सगळं दिलं तर त्या समाजाची घडी मोडेल, म्हणून बेताबेताने द्यावं. घेणाऱ्याला काय वाटतं तेही त्यांना ठाऊक आहे. त्यांचा अतेवी राजा तबिनी हा ब्रेनकडून तहातल्या मुदतीपेक्षा जास्त आणि लवकर काढून घेण्यात पटाईत आहे. मला तबिनी ब्रेनपेक्षा जास्त आवडतो, हे इथेच सांगून टाकते.

मी काही वर्षं चाकणला एका कारखान्यात जपानी दुभाषाचं काम केलं. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना हे काम नवं नाही. कामगारांच्या पगाराचा करार संपला की युनियन मागणीपत्र देते आणि बैठका सुरू होतात. युनियनच्या मंडळींच्या हिशेबाने बैठक हेच लढाईचं मैदान: तिथे आवाज चढवायचा, टेबलावर हात आपटायचा, उठून जायचं आणि पुन्हा यायचं. जपानी साहेबांच्या हिशेबाने बैठकीपर्यंत सगळं ठरलेलं असायला हवं. जे काही बोलायचं ते आधी एकेकाशी, कॉरिडॉरमध्ये, चहाच्या वेळी, आणि बैठक फक्त त्यावर शिक्का मारायला. त्यामुळे बैठकीत साहेब गप्प बसत. ते गप्प बसले की यांना वाटे नकार आला. हे ओरडले की त्यांना वाटे आता बोलणी मोडली. दोघंही आपापल्या घरच्या रीतीने अगदी सभ्यपणे वागत होते. बाहेर आल्यावर युनियनचा एक जुना माणूस हळूच विचारायचा, “मॅडम, तुम्ही आपल्याच ना? मग आतलं काय ते सांगा की.” आणि संध्याकाळी साहेब विचारायचे, ते जे दोन मिनिटं बोलले त्याचं तुम्ही एकच वाक्य का केलंत? ब्रेन कॅमेरॉनची कादंबरी मी त्यानंतर वाचली आणि ती पहिल्या पानापासून कळली.

या जातीच्या कथांत वकिलाला खरा धोका परक्यांकडून फारसा नसतो. परक्यांना तो उपयोगी असतो. धोका असतो मागे राहिलेल्या आपल्या माणसांचा. ब्रेनच्या बेटावरचं परराष्ट्र खातं त्याच्या अहवालांवर विश्वास ठेवत नाही, त्याच्या जागी दुसरी बाई धाडतं, आणि ती तिथे जाऊन गोंधळ घालते. बेटावरचे लोक त्याला फितूर समजतात, त्याच्या आईला छळतात. पुढच्या भागांत तो सरळ तबिनीच्या पदरी राहतो, त्याला जहागीर मिळते, आणि तो नक्की कोणाचा वकील हा प्रश्न चेरीबाई शेवटपर्यंत पूर्ण सोडवत नाहीत. इथे त्यांचं कसब आहे. मालिकेच्या मधल्या काही भागांत पाहुणचार आणि प्रवास यांची वर्णनं लांबतात, कंटाळा येतो, तो येऊ द्यावा.

रंगो बापूजींचं प्रकरण यापेक्षा कडू. १८१९ च्या तहाने कंपनीने प्रतापसिंहांना साताऱ्याचं राज्य दिलं होतं. पुढे त्यांच्यावर आरोप आले: कंपनीचे शिपाई फितवण्याचा प्रयत्न, गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान, नागपूरच्या आप्पासाहेबांशी संधान. मुंबईचा गव्हर्नर कार्नाक याने सांगितलं की कबुलीवर सही करा, गादी राहील. प्रतापसिंहांनी सही केली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि भावाला गादीवर बसवलं. वकिलाला काम मिळालं ते एवढंच: तिकडे जाऊन सांगायचं की हा अन्याय आहे.

कोणाला सांगायचं, इथेच सगळी मेख होती. कंपनीचे चोवीस डायरेक्टर. त्यांच्या डोक्यावर १७८४ पासून सरकारचं नियंत्रण मंडळ. त्याच्यावर पार्लमेंट. शेजारी भागधारकांची सभा, जिला बोलायला मोकळीक पण निर्णय फिरवायची ताकद जवळपास नाही. या दाराने त्या दाराकडे बोट दाखवायचं, त्याने तिसऱ्याकडे. शिवाय १८३३ नंतर कंपनीचा व्यापारही बंद झालेला. म्हणजे जी व्यापार करत नाही अशी व्यापारी कंपनी, एका खंडावर राज्य करणारी, आणि तिला जाब विचारायचा तर तिचे भाग विकत घेतलेल्या लोकांच्या मार्फत. रंगो बापूजींनी ही रचना ओळखली आणि ते तिच्या आत शिरले. गुलामगिरीविरुद्धचा गाजलेला वक्ता जॉर्ज थॉम्प्सन त्यांनी आपल्या बाजूला वळवला, पार्लमेंटमध्ये जोसेफ ह्यूम मिळाला, आणि साताऱ्याचा माजी रेसिडेंट जनरल लॉडविकसुद्धा. ज्या माणसाने कधीकाळी साताऱ्यात कंपनीच्या वतीने बसून छत्रपतींवर नजर ठेवली, त्यालाच त्यांच्या बाजूने उभं करणं, हे कुठल्याही पाइधीला हेवा वाटावा असं काम आहे.

सभा झाल्या, भाषणं झाली, ठराव पडले. १८४७ साली प्रतापसिंह काशीला वारले. पुढच्या वर्षी गादीवरचे भाऊ वारले, आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. आता रंगो बापूजी ज्यांचे वकील होते ते छत्रपती नव्हते, आणि ते राज्यही नव्हतं. तरी ते आणखी पाच वर्षं लंडनमध्ये राहिले, कर्ज करत, अर्ज लिहीत. विज्ञानकथांत यानाशी संपर्क तुटलेला दूत पुष्कळदा येतो. पण ज्याला पाठवणारं जगच मागे पुसलं गेलंय आणि तरी जो रोज सकाळी उठून टाय बांधावा तसं मुंडासं बांधून कचेरीत जातो, असा दूत मला कुठल्या कादंबरीत भेटला नाही.

परतल्यावरचं थोडक्यात. १८५७ साली साताऱ्यात उठावाचा कट उघडकीला आला. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजींच्या डोक्यावर बक्षीस लागलं. ते सापडले नाहीत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचं चरित्र लिहिलंय, ते आवेशाने लिहिलंय, आणि तो आवेश बाजूला ठेवला तरी खाली उरतं ते पुरेसं आहे.

रंगो बापूजींच्याही आधी, १७८१ साली, राघोबादादांनी हणमंतराव नावाचा वकील विलायतेला पाठवला होता, सोबत मणियार नावाचे पारशी गृहस्थ. ब्राह्मणाच्या सोवळ्यामुळे लंडनमध्ये खाण्याराहण्याचे हाल होत होते, तेव्हा एडमंड बर्क याने बीकन्सफील्डच्या आपल्या बागेतलं काचघर त्यांना दिलं. तिथे हणमंतराव आपला आपण स्वयंपाक करून जेवत. परग्रहावरच्या दूताला त्याच्या ग्रहाची हवा भरलेली बंद खोली देतात, ते दृश्य मी किती तरी चित्रपटांत पाहिलंय. बर्कने पुढे वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालवला. त्या काचघरातल्या जेवणाचा त्याच्याशी संबंध किती, हे मी पुढे पुस्तकात चर्चेला घेतलंय आणि उत्तर मला फार मोठं करायचं नाही.

इतकी वकिली घरात असताना मराठी विज्ञानकथेत वकील का नाही? जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आद्याक्षरं उलटी करून. (पिंपळे गुरवात दर दोन दारांआड जगतापांची पाटी आहे, तेव्हा मराठी विज्ञानकथेवर गावाचा थोडा हक्क लागतो असं मी पाहुण्यांना सांगते.) नारळीकरांच्या ‘प्रेषित’मध्ये परग्रहावरून आलेलं मूल माणसांत वाढतं, म्हणजे दिशा उलटी आहे, दरबार आपला आहे. पण तिथेही पेच सोडवतात ते शास्त्रज्ञ. आमच्या विज्ञानकथेचा नायक प्रयोगशाळेतला. परग्रहाचा संदेश आला तर तो उलगडला की काम झालं असं ती मानते. उलगडल्यानंतर कोणी, कोणाच्या वतीने, काय कबूल करायचं, ही भानगड तिने मंत्रालयाकडे सोपवलेली दिसते. परिषदेची आणि मासिकांची इच्छा विज्ञान लोकांपर्यंत पोचावं ही होती, त्यात राजकारणाला जागा कमीच. ती इच्छा चांगली होती. तिच्यामुळे एक दालन मात्र रिकामं राहिलं.

आणि हे दालन भरायला या पट्ट्यासारखी जागा नाही. इथून नाशिक रस्त्याने चाकण ओलांडून नारायणगावकडे गेलं की खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अजस्र डिश आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, प्रत्येकी पंचेचाळीस मीटरची. वाटेत जर्मन, जपानी, कोरियन कारखाने, आणि त्यांत दोन्हीकडून शिव्या खाणारे दुभाषे. कच्चा माल भरपूर पडलेला आहे, लिहिणारा हवा.

आता पुस्तकाच्या मांडणीबद्दल. प्रकरणं कालक्रमाने नाहीत. ज्यांना तारखांचा कंटाळा आहे त्यांनी रंगो बापूजींचं प्रकरण शेवटी वाचलं तरी चालेल, फक्त टाळू नये. दूरचित्रवाणी मालिकांना मी एकच प्रकरण दिलंय, कारण तिथे वकिलाची गोष्ट तासाभरात मिटवावी लागते आणि वकिलीचं काम मिटत नाही. चाकणच्या दुभाषांवर स्वतंत्र प्रकरण करायचा मोह झाला होता, पण ती माणसं अजून नोकरीत आहेत. आणि ज्यांना ‘फॉरेनर’ मुळातून वाचायची आहे त्यांना एक सूचना: पहिल्या पुस्तकातले पहिले दोन छोटे खंड यानाचे आणि उतरण्याचे आहेत, ब्रेन तिथे येतही नाही, आणि पुष्कळ वाचक तिथूनच परत फिरतात. ते खंड नेटाने वाचावेत. पुढे बावीस पुस्तकं ज्या तहाभोवती फिरतात, तो तह कोणत्या गैरसमजातून करावा लागला त्याची मुळं तिथेच आहेत.

पिंपळे गुरव